तुकड्यांच्या भिंती: सुलतानी वास्तूंमधल्या झिलईच्या तुकडेकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीदरला जाऊन आलेली मंडळी, समरकंदची सहल करून आलेले काका-काकू आणि घर बांधायला काढलेले काही जण, या तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुकडेकाम म्हणजे नेमके काय? आमच्या जुन्या घरात मोझॅकची फरशी होती, तेच का?

नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत जिला मोझॅक म्हणतात ती सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी घालून घासलेली लादी. त्यापेक्षा गच्चीवरचा चायना मोझॅक जवळचा, कारण तिथे निदान झिलईच्या, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर भाजून चढवलेल्या, फरशीचेच तुकडे असतात. पण गच्चीवर फरशी हातोडीने फोडतात आणि तुकडा जसा निघेल तसा बसवतात. इथे आधी नक्षी ठरते, मग त्या नक्षीतली प्रत्येक पाकळी, प्रत्येक पान, अक्षराचे प्रत्येक वळण त्या-त्या रंगाच्या फरशीतून छिन्नीने कापून काढतात आणि एकमेकांत बसवतात. इराणात याला मोअर्रक म्हणतात, मोरोक्कोत झेलिज, स्पेनमध्ये अलिकातादो.

२. याला ‘काशीकाम’ म्हणतात. हे बनारसहून आले का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि विचारणाऱ्याची चूक काहीच नाही. ही काशी म्हणजे इराणातले काशान. तिथले कुंभार इतके नावाजलेले की झिलईच्या फरशीलाच फारसीत ‘काशी’ नाव पडले. तिथल्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली या मातीकामाची कृती लिहून ठेवली: दहा भाग गारेच्या दगडाची (क्वार्ट्झची) पूड, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. म्हणजे ही ‘माती’ बरीचशी माती नाहीच. याचा रंगांशी काय संबंध ते प्रश्न ५ मध्ये.

३. रोमन मोझॅकचीच ही पुढची पिढी का?

वंशावळ तशी सरळ जोडता येत नाही. रोमन किंवा बायझंटाइन मोझॅकमध्ये जवळपास सारख्या मापाचे दगडाचे किंवा काचेचे चौकोनी दाणे असतात आणि चित्र दाण्यांच्या गर्दीतून तयार होते. तुकडेकामात तुकड्याचा आकार हाच चित्राचा आकार. दोन्हींची गल्लत सगळ्यात जास्त होते ती जेरुसलेमच्या ‘डोम ऑफ द रॉक’मुळे. त्याच्या आतले काचेचे मोझॅक उमय्या खलिफांच्या काळातले, इमारत ६९१-९२ ची. बाहेरून फरशा लावल्या त्या सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमानने, आणि आज दिसतात त्या विसाव्या शतकात बदललेल्या. एका इमारतीचे दोन अंगरखे, मध्ये आठ-नऊ शतके.

४. हे करत कसे? प्रत्येक तुकडा भिंतीवर एकेक चिकटवायचा?

तसे केले असते तर कमानी कधी पुऱ्याच झाल्या नसत्या. काम बरेचसे जमिनीवर होई.

आधी भट्टीतून एकेका रंगाच्या सपाट फरशा निघत: एक ताट फिरोजी, एक गडद निळे, एक पांढरे. नक्षी कागदावर पुऱ्या मापात काढायची. कागदाचे तुकडे कापून ज्या-त्या रंगाच्या फरशीवर चिकटवायचे आणि त्या कडेने फरशी फोडत न्यायची. मग कानस. तुकड्याची कड मागच्या बाजूला तिरकी घासतात, म्हणजे पुढून दोन तुकडे अगदी भिडतात आणि मागे पाचरीसारखी फट राहते. ही फट म्हणजे ढिलाई नव्हे, सांधा तिच्यावरच तरतो. कारण पुढची पायरी अशी: सगळे तुकडे जमिनीवर पालथे मांडतात, झिलई खाली, पाठ वर. त्यावर जिप्समचा गिलावा ओततात. तो त्या फटींत शिरतो आणि घट्ट धरतो. वाळल्यावर अख्खा तक्ता उचलून भिंतीवर बसवायचा.

थोडे थांबून विचार करा. कारागीर मांडणी करताना त्याला रंग दिसत नाहीत, फक्त मातकट पाठी दिसतात, आणि तीही आरशातल्यासारखी उलटी. अक्षरांच्या पट्ट्याही याच पद्धतीने मांडल्या जात. मला या सगळ्या कलेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, घुमटांच्या उंचीपेक्षाही.

५. सगळे निळेच का असते? धार्मिक कारण आहे का?

धार्मिक अर्थ नंतर पुष्कळ लावले गेले. आधी भट्टीचे कारण समजून घ्या. वनस्पतींच्या राखेतल्या क्षाराने केलेल्या झिलईत तांबे घातले की फिरोजी रंग येतो. तेच तांबे शिशाच्या झिलईत घातले की हिरवा. कोबाल्टने गडद निळा येतो, आणि कोबाल्टची खाण काशानजवळच्या कमसर गावी, म्हणजे अगदी अंगणात. पांढऱ्यासाठी कथिल, जांभळट काळ्यासाठी मँगनीज. लाल मात्र भट्टीत रुसतो, म्हणून जुन्या कामात तो क्वचितच दिसतो.

ही क्षारांची झिलई साध्या मातीवर नीट बसत नाही. निवताना माती आणि झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि तडे जातात किंवा पोपडे सुटतात. गारेच्या पुडीच्या अंगावर ती चांगली धरते. प्रश्न २ मधली कृती त्यासाठी.

६. मग सरळ एका फरशीवर चित्र रंगवून भाजायचे. इतका खटाटोप कशाला?

रंगवतही होतेच. त्याला हफ्त-रंगी म्हणतात. हफ्त म्हणजे सात, आपला ‘हप्ता’ही तिथलाच. रंग एकमेकांत वाहू नयेत म्हणून मध्ये तेलकट काळी रेघ ओढायची आणि सगळे एकदम भाजायचे. पण एकाच भट्टीत सगळे रंग म्हणजे सगळ्यांनाच थोडी तडजोड: एकाला हवी तितकी आच दुसऱ्याला सोसत नाही. तुकडेकामात प्रत्येक रंगाला त्याची स्वतःची भट्टी मिळते. म्हणून त्यातला निळा एवढा खोल दिसतो. दुसरे म्हणजे प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात बसतो, त्यामुळे ऊन फिरते तशी भिंत लकाकते. रंगवलेली फरशी एकसारखी चमकते.

किंमत मोजायची ती माणसांच्या दिवसांत. ज्याच्याकडे शेकडो कारागिरांना वर्षानुवर्षे पोसायची ताकद आहे त्याचेच हे काम, म्हणून ते राजेरजवाड्यांचे. इराणात इस्फहानला शाह अब्बासने १६११ मध्ये मोठी मशीद काढली तेव्हा त्याला घाई होती आणि भिंती अफाट होत्या. तिथे बहुतेक ठिकाणी हफ्त-रंगी वापरली. शेजारच्या शेख लुत्फुल्ला मशिदीत (१६०३ ते १६१९) दोन्ही पाहायला मिळतात. मला विचाराल तर आधी ती पाहा.

७. हे सुरू कुठे झाले?

बाराव्या शतकातल्या इराणात आणि आसपास. सुरुवात फार साधी: भाजक्या विटांच्या नक्षीत मध्येच एखादी फिरोजी वीट. नखचिवानचा मोमिना खातून मनोरा (११८६) आणि मरागाचा निळा मनोरा (११९६-९७) पाहिले तर ही पायरी दिसते. मग विटा कमी, झिलई जास्त. पूर्ण तुकडेकाम तेराव्या शतकात अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुक सुलतानांच्या कोन्यात बहरले. तिथल्या कराताय मदरशाचा (१२५१-५२) घुमट आतून ताऱ्यांच्या जाळ्याने भरला आहे, आणि खालच्या त्रिकोणांत चौकोनी कुफी या कोनदार अरबी अक्षरांत पैगंबरांची आणि खलिफांची नावे आहेत. आता तिथे फरशांचेच संग्रहालय आहे. शिखर गाठले ते तैमूर आणि त्याच्या वारसांच्या काळात, चौदाव्या शतकाच्या शेवटापासून पंधराव्या शतकात. पश्चिमेकडे स्पेनमधल्या ग्रानादा आणि मोरोक्कोतल्या फेजची परंपरा समांतर वाढली. तिथे वेली-फुलांपेक्षा भूमिती पुढे.

८. तुम्ही ‘राजवाडे’ म्हणता, पण फोटो सगळे मशिदींचे आणि थडग्यांचे. राजवाडे कुठे गेले?

पडले, किंवा पाडले. नव्या घराण्याला जुन्याचा महाल नको असतो. मशीद-मदरशाच्या नावे वक्फच्या जमिनी असत, त्यांच्या उत्पन्नातून डागडुजी होई. महालाला वाली तो राजा असेपर्यंतच. समरकंदच्या दक्षिणेला शहरिसब्झला तैमूरच्या अक सराय महालाचे काम १३८० च्या सुमारास सुरू झाले. १४०४ मध्ये स्पेनमधल्या कास्तीलचा राजदूत क्लाविहो तिथून गेला तेव्हाही ते चालूच होते. त्या प्रवेशद्वाराची कमान सुमारे २२ मीटर रुंद होती. आज तिचे दोन बाजूंचे खांब उरलेत, तेही सुमारे ३८ मीटर उंच. बाकी महाल नाही.

शाबूत राजमहाल पाहायचे तर ग्रानादाचा अलहम्ब्रा, नाहीतर इस्तंबूलचा चिनिली कोश्क (प्रश्न १०).

९. आपल्या जवळ कुठे पाहता येईल?

बीदर. उदगीर-लातूरकडच्या लोकांना तर एका दिवसात जाऊन येण्यासारखे. बहमनी सुलतान अहमद शाहने पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून तिथे हलवली आणि इराणातून सूफी, कवी, मुत्सद्दी, कारागीर बोलावले.

तीन ठिकाणे चुकवू नका. किल्ल्यातला रंगीन महाल: बहमनींनंतरच्या बरीद शाही काळात आजचे रूप मिळालेला, दारांभोवती तुकडेकाम आणि शेजारी काळ्या दगडात जडवलेले शिंपले. बहुतेक जण शिंपल्यांचे फोटो काढतात आणि फरशांकडे पाठ फिरवून निघतात. दुसरे, महमूद गवानचा मदरसा: तीन मजली, उरलेल्या मनोऱ्यावर नागमोडी पट्टे. १६९६ साली साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा मोठा भाग उडाला, वीज पडली म्हणतात. तिसरे, गावाबाहेर अष्टूरची थडगी. दुसऱ्या अलाउद्दीन अहमद शाहच्या थडग्यावर फरशांचे अवशेष आहेत. सकाळी जा. दुपारच्या उन्हात निळा रंग फिका पडतो आणि माणूसही.

१०. बीदरचा मदरसा आणि इस्तंबूलचा चिनिली कोश्क, दोन्ही १४७२ चे. एकाच कारागिरांनी केले का?

एका वाचकाने ही जुळणी हेरली तेव्हा मलाही मजा वाटली. दोन्हींचे साल जुळते हे खरे. कारागीर एकच असल्याचा पुरावा नाही, आणि शैलीही वेगळ्या आहेत. पण दोन्ही ठिकाणी मूळ एकच, इराणी. चिनिली कोश्क हा ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदचा उद्यानमहाल, कमानीखाली तुकडेकामाने भरलेला. मदरसा बांधणारा महमूद गवान कास्पियन किनाऱ्यावरच्या गिलानचा, व्यापारी म्हणून आलेला आणि बहमनींचा वजीर झालेला. त्याच्या पत्रसंग्रहात याच मेहमदला लिहिलेली पत्रे आहेत. म्हणजे दोन दरबारांना एकमेकांची खबर होती.

आणि आपल्यासाठी विशेष: याच गवानने कोकणची मोहीम काढली, खेळणा म्हणजे आपला विशाळगड घेतला आणि १४७२ मध्येच गोवा जिंकला. मदरसा उभा राहत होता तेव्हा त्याचे सैन्य घाटाखाली होते. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याला ठार मारले.

११. इस्लाममध्ये चित्रे वर्ज्य ना? मग बीदरच्या तख्त महालावर सिंह कसा?

मशिदीत प्राणी-माणसे टाळली जातात, महालात तो नियम ढिला. तख्त महालाच्या कमानीच्या खांद्यावर फरशांत सिंह (काही जण वाघ म्हणतात) आणि पाठीमागे उगवता सूर्य आहे. कोन्याजवळच्या कुबादाबाद महालात, १२३६ च्या सुमारास, ताऱ्याच्या आकाराच्या फरशांवर माणसे, पक्षी, दोन तोंडांचा गरुड असा गोतावळा आहे. ते रंगवलेले काम, तुकडेकाम नव्हे. लाहोरच्या किल्ल्याची जहांगीर-शाहजहानच्या काळातली चित्रभिंत तर हत्तींच्या झुंजी, उंट आणि पोलो खेळणाऱ्यांनी भरली आहे.

१२. कारागिरांची नावे माहीत आहेत का?

काहींची, कारण त्यांनी ती फरशीतच लिहिली. कोन्याच्या सिरचली मदरशात (१२४२-४३) इराणातल्या तूसच्या महमदने लिहिले आहे की मी केलेल्या या नक्षीला जगात जोड नाही, मी राहणार नाही पण ही आठवण राहील. आत्मविश्वास पाहा. अक सरायवर महमद युसुफ तब्रिझीचे नाव आहे.

या माणसांचा प्रवास बहुधा स्वखुशीचा नव्हता. तैमूर जिंकलेल्या शहरांतले कारागीर समरकंदला उचलून नेई. तुर्कस्तानातल्या बुर्साचा नक्काश अली असाच तिकडे गेला, परतला, आणि १४२४ मध्ये बुर्साच्या हिरव्या मशिदीची सजावट त्याच्या देखरेखीखाली पुरी झाली. तिथल्या मिहराबवर (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर) ‘तब्रिझच्या उस्तादांचे काम’ अशी सही आहे.

१३. समोर उभे राहून तुकडेकाम आणि रंगवलेली फरशी कशी ओळखायची?

नक्षी पाहू नका, सांधा पाहा. जिथे रंग बदलतो तिथे सांधा आहे का? प्रत्येक वेळी असेल तर तुकडेकाम. सांध्यांची चौकोनी जाळी दिसते आणि फूल दोन चौकटींत कापले गेले आहे, तर रंगवलेले. मोबाइलवर फोटो मोठा करूनही हे कळते.

अपवाद दोन. मोरोक्कोत, उदाहरणार्थ फेजच्या बू इनानिया मदरशात (१३५१ ते १३५६), काळ्या झिलईच्या फरशीवर अक्षरे ठेवून बाकीची झिलई खरवडून टाकतात. तिथे रंग बदलतो पण सांधा नसतो, तरीही ती रंगवलेली नाही. दुसरा अपवाद मध्य आशियातला: विटांच्या भिंतीत झिलईच्या विटा गुंफून मोठी अक्षरे काढतात. लांबून ती तुकडेकाम वाटते, जवळ गेल्यावर विटाच दिसतात.

१४. समरकंदला पाहिले ते खरे जुने की नवे?

दोन्ही. बीबी खानुम मशीद (१३९९ ते १४०४) लवकरच खिळखिळी झाली, १८९७ च्या भूकंपाने आणखी पडझड झाली. आजची उंची बरीचशी विसाव्या शतकातली पुनर्बांधणी आहे. शाहि-जिंदाच्या थडग्यांच्या गल्लीतही जुन्या-नव्याचे मिश्रण आहे. नव्या फरशांचा रंग फार एकसारखा, सांधे फार सरळ. जुन्यात एकाच निळ्याच्या चार छटा शेजारी शेजारी सापडतात. शहरिसब्झच्या जुन्या भागात केलेल्या ‘सुशोभीकरणा’मुळे युनेस्कोने २०१६ मध्ये ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले.

१५. ताजमहालावरची फुलेही तुकडेकामच ना?

ती पच्चीकारी. तिथे संगमरवर कोरून खाचेत रंगीत दगड बसवतात. झिलई नाही, भट्टी नाही. आग्र्यात फरशा पाहायच्या तर यमुनेपलीकडचा चिनी का रौजा, शाहजहानचा वजीर अफजल खान शिराझी याचे थडगे.

१६. अलहम्ब्रात गणितातल्या सतराही प्रकारच्या सममिती आहेत, हे खरे का?

सपाट पृष्ठभागावर पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे १७ प्रकार असतात, हे सिद्ध आहे. ते सगळे अलहम्ब्रात आहेत का यावर मोजणाऱ्यांचे एकमत नाही, कारण रंग धरायचे की नुसता आकार यावर उत्तर बदलते. त्याहून मनोरंजक गोष्ट इस्फहानची. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी दाखवले की १४५३ च्या दर्बि-इमाम वास्तूवरची नक्षी पाच ठरावीक आकारांच्या फरशांतून बांधता येते आणि ती जवळजवळ कधीच पुनरावृत्त न होणाऱ्या रचनेपर्यंत पोचते. कारागिरांना हे गणित ‘येत होते’ असे म्हणायला मी धजणार नाही. हाताला येत होते, एवढे नक्की.

१७. महाराष्ट्रात किंवा गोव्यात काहीच नाही का?

देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. नाव पडले ते त्याच्यावरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे; आज त्यांचे थोडेच अंश दिसतात. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशाहला इथेच कैदेत ठेवले. ‘चिनी’ शब्दाचा चीनशी संबंध तेवढाच, जेवढा आपल्या चिनी मातीच्या बरणीचा. तुर्कीतही फरशीला ‘चिनी’च म्हणतात.

गोव्यातल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो रंगवलेल्या आहेत, पण शब्द अरबी ‘अझ्झुलैज’वरून आला, म्हणजे मोरोक्कोच्या झेलिजचा सख्खा भाऊ. मुंबईत डोंगरीची मुघल मशीद इराणी धर्तीवर निळ्या फरशांनी मढलेली आहे, पण ती १८६० ची, मध्ययुगातली नव्हे.

१८. घरी एखादी भिंत अशी करता येईल का?

मोरोक्कोत फेजला आजही हाताने झेलिज कापतात, तयार तक्ते मिळतात. बैठकीच्या खोलीत खुशाल लावा. न्हाणीघरात आणि कोकणातल्या बाहेरच्या भिंतीवर मात्र पारंपरिक जिप्सम टाळा; ते ओल शोषते आणि हळूहळू विरघळते. जुन्या वास्तूंमध्येही तुकडे पडतात ते झिलई बिघडल्याने कमी, मागचा गिलावा ओलीने सुटल्याने जास्त. कुणी सिमेंटने डागडुजी केली की सिमेंटमधले क्षार बाहेर येऊन शेजारचे जुने तुकडेही ढकलतात. आमच्या ओळखीत एकाने हौसेने स्वयंपाकघरात ओट्यामागे झेलिज लावले. दिसते सुंदर. फोडणीचे तेल मात्र त्या असंख्य सांध्यांत बसते, आणि दर रविवारी टूथब्रश घेऊन बसावे लागते.

१९. बीदरला जमिनीवर एक निळा तुकडा पडलेला दिसला. आठवण म्हणून आणला तर चालेल का?

नाही. संरक्षित स्मारकातून काहीही उचलणे हा गुन्हा आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. बाजारात कुणी ‘जुनी इराणी फरशी’ विकत देत असेल तर ती एकतर नवी असते नाहीतर कुठल्या तरी भिंतीतून काढलेली. बाहेर राहणाऱ्यांना जवळून पाहायचे असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इस्फहानच्या इमामी मदरशातला १३५४ चा अख्खा मिहराब उभा आहे, जवळजवळ साडेतीन मीटर उंच. त्याच्यासमोर तासभर बसा.

पडलेला तुकडा मात्र जिथे दिसला तिथेच राहू द्या आणि पहारेकऱ्याला जागा दाखवा. तो कुठल्या कमानीखाली पडला होता यावरूनच दुरुस्ती करणाऱ्याला कळते की तो कुठून निखळला. खिशात गेला की तो नुसता निळा खडा.